पाळण्याची सीट

काझारमानची गाडी भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली की ड्रायव्हर चहाला जातो. आमच्या जलाल-आबादेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून त्या दिवशी मी उजाडताच स्टँडवर हजर झाले. एका हातात बोरसोकचं, म्हणजे तळलेल्या कणकेच्या गोळ्यांचं गाठोडं, दुसऱ्या हातात कपड्यांची पिशवी आणि पाठीवर दोरीने बांधलेला पाळणा.

पाळणा माझ्या आजीचा. अक्रोडाच्या लाकडाचा, वरचा दांडा हात लागून लागून गुळगुळीत झालेला, एका पायाला पत्र्याची पट्टी ठोकलेली. माझी आई त्यात झोपली, मी झोपले, माझी चारही पोरं झोपली. आता माझ्या धाकटीची, बुरुलचाची मुलगी झोपणार होती. पहिल्या नातवंडाचा पाळणा मुलीच्या आईने न्यायचा, ही आमच्याकडची रीत. बाजारात फुलं रंगवलेले नवे पाळणे ढिगाने मिळतात. पण ज्या पाळण्यात पोरं तगली तो नव्यापेक्षा चांगला, असं माझं मत आहे, आणि माझं मत सहसा बरोबर असतं.

बुरुलचाचं सासर काझारमानला, काल्दामा खिंडीपलीकडे. आदल्या संध्याकाळी तिच्या सासूचा, सालकिनायचा फोन आला होता.

"विहीणबाई, बर्फ येतंय म्हणतात. खिंड बंद होईल. तुम्ही कशाला उगाच जीव धोक्यात घालता? परवा दुपारी बाळाला पाळण्यात घालायचंय, बायका बोलावून झाल्यात. तुमचा नाही पोचला तर आमचा आहेच. आमच्या उलानचा. अजून नवाकोरा आहे."

"नवाकोरा असणारच," मी म्हटलं. उलान माझा जावई, तिचा एकुलता एक. "एकच तर पोर झोपलंय त्यात."

पलीकडे फोन आपटल्याचा आवाज आला. जरा जास्त बोलले असं मला वाटलं, पण अगदी जरासं.

माझी नात दुसऱ्यांच्या पाळण्यात पडली असती, तर त्या घरातल्या बायकांनी बुरुलचाला जन्मभर ऐकवलं असतं, की हिच्या आईच्याने एक पाळणा पोचवणं झालं नाही. ते मी होऊ देणार नव्हते. आणि नुसतं जाऊन भागणार नव्हतं, परतही यायचं होतं. काल्दामा एकदा बंद झाली की वसंत सरता सरता उघडते. मग पलीकडून यायचं तर नारिनला जा, तिथून राजधानीला, तिथून आणखी खिंडी ओलांडत उलटं खाली या. तो वळसा माझ्या कमरेला झेपणारा नाही. म्हणजे हिवाळाभर विहिणीच्या चुलीपाशी बसून तिचं मीठ खायचं! त्यापेक्षा मी याकच्या पाठीवर बसून आले असते. जायचं, पाळणा द्यायचा, नातीला डोळे भरून बघायचं आणि मिळेल त्या पहिल्या गाडीने परत यायचं, असं मी पक्कं ठरवलं होतं.

ड्रायव्हर ओस्कोन आमच्याच गल्लीतला. मी बाजारात नान विकते. लहानपणी हा माझ्या तंदूरमधली गरम नान उचलून पळायचा, त्यामुळे माझ्यापुढे त्याचा आवाज चढत नाही.

"एजे, पाळणा टपावर चढवतो," तो म्हणाला. आमच्याकडे थोरल्या बाईला एजे म्हणतात.

"टपावर? रिकामा?"

"मग काय भरून आणायचा होता?"

"काल्दामाची वळणं बघितलीस ना? दिवसभर रिकामा पाळणा टपावर हलत जाणार? रिकामा पाळणा हलवू नये, एवढं तुझ्या आईने शिकवलं नाही तुला?"

"मी कुठे हलवतोय? रस्ता हलवतो."

"मग रस्त्याला सांग, नीट बस म्हणून."

स्टँडवरची माणसं हसायला लागली. ओस्कोनने टोपी मागे सारून डोकं खाजवलं.

"बरं, तुमचं गाठोडं टाका त्यात. झाला भरला."

"पाळण्यात बोरसोक झोपतात का रे? पाळणा माणसाने भरतो, भज्यांनी नाही."

"अहो, पण आत ठेवू कुठे? एक माणूस पुढे, तीन मागे. एक सीट राहिलीय, तिला गिऱ्हाईक येईल आता."

"आलं की. हा काय," मी पाळण्यावर थाप मारली. "त्याच्या सीटचे पैसे मी देते."

"पाळण्याची सीट?"

"का? तो वाटेत उलट्या करणार आहे? गाणी लाव म्हणणार आहे? सीट ओली करील म्हणशील, तर नळी आहे त्याची सोबत." आमच्या पाळण्यांना बाळाच्या सोयीसाठी लाकडी नळी असते आणि खाली छोटंसं भांडं. ती नळी मी त्याच्या नाकासमोर नाचवली.

अशा रीतीने गाडी भरली. पुढे झिपार नावाची पोरगी, काझारमानच्या इस्पितळात नर्स, सुट्टी संपवून निघालेली. पहिलं वळण यायच्या आधीच तिचं तोंड उतरलं होतं. मागे एका खिडकीशी सोन्याच्या खाणीतला एक कामगार, जो बसल्या बसल्या घोरायला लागला. दुसऱ्या खिडकीशी मी. मध्ये पट्टा लावून पाळणा. त्याच्या दांड्यावर मी हात दाबून ठेवला होता, म्हणजे हादरे बसले तर मला बसोत. गाडी भरल्याबरोबर ओस्कोन चहाला निघाला, तेव्हा मी त्याला दंडाला धरून परत आणला.

शहर सुटलं, अक्रोडाच्या बागा सुटल्या, मेंढ्यांचे कळप डोंगरावरून खाली येताना दिसले. आकाश पांढुरकं झालं होतं. झिपारला मी पिशवीतून कुरुत काढून दिलं. वाळवलेल्या दह्याचा तो आंबट खडा गालात धरला की पोट जागेवर राहतं.

"एजे, तुम्ही उद्याच परत?" तिने विचारलं.

"फार तर परवा. विहिणीच्या घरी जास्त राहिलं की किंमत राहत नाही."

"पण मुलीला बरं वाटेल की."

"माझी मुलगी वाघीण आहे. तिला आईचा पदर लागत नाही."

खिंडीच्या पायथ्याशी फाटक आहे. तिथल्या माणसाने काचेवर टकटक करून सांगितलं, "जायचं तर आत्ता जा. दुपारनंतर सोडणार नाही." ओस्कोनने गाडी चालू केली, तेवढ्यात फाटकाजवळच्या चहाच्या टपरीतून एक माणूस बाहेर आला. आडमाप देहाचा, गुराख्याचा जाड कोट घातलेला, हातात पिशवी नाही की काही नाही. त्याने हात केला नाही. नुसता खिडकीशी येऊन उभा राहिला.

"आई गेली," तो म्हणाला. "काझारमानला."

एवढंच. आमच्या रस्त्यांवर अशा माणसाला मागे ठेवून गाडी जात नाही. लग्नाला जाणारा थांबेल, बाजाराला जाणारा थांबेल, मातीला जाणाऱ्याला आधी जागा. पण गाडीत जागा नव्हती. म्हणजे होती, आणि तिच्यावर पाळणा बसला होता.

कोणी माझ्याकडे बघितलं नाही. ओस्कोन स्टिअरिंगकडे बघत राहिला, झिपार स्वतःच्या नखांकडे. एवढंच काय, कामगाराचं घोरणंही थांबलं. माझ्या मनात एका दमात सगळं येऊन गेलं. बाळाचे चाळीस दिवस अजून भरायचेत. मातीला निघालेल्या माणसाचा हात पाळण्याला लागणार. विहीणबाई घर डोक्यावर घेतील. नाहीतर पाळणा टपावर जाणार, रिकामा, आणि वर बर्फ. मग मला माझाच राग आला.

"उभा काय राहिलास? चढ आत," मी ओरडले. "पाळणा मांडीवर घे. घट्ट धर, हलू द्यायचा नाही."

त्याने आत डोकावून बघितलं. "बाळ कुठंय, एजे?"

"पलीकडे आहे. तिच्याकडेच चाललाय."

तो कसाबसा मध्ये बसला. असानकुल त्याचं नाव. पाळणा मांडीवर घेतल्यावर दांड्याच्या पलीकडे त्याचे फक्त डोळे दिसत होते. गाडी निघाल्यावर त्याने डोक्यावरची पांढरी टोपी काढली आणि अलगद पाळण्यात ठेवली.

"अरे, थंडी आहे. टोपी घाल."

"रिकामा नको ना जायला," तो म्हणाला.

मी त्याला काही सांगितलं नव्हतं. आमच्यात टोपी जमिनीवर ठेवत नाहीत, दुसऱ्याला देत नाहीत, टोपी म्हणजे डोकंच. माझा जीव भांड्यात पडला, आणि तो पडलेला कळू नये म्हणून मी म्हटलं, "मुलगी आहे हं ती. तिला पुरुषाची टोपी कशाला?"

"मग आधी घोडा लागेल तिला," असानकुल म्हणाला. "टोपीचं नंतर बघू."

खिंडीच्या वरच्या अंगाला बर्फ सुरू झालं. आधी भुरभुर, मग काचेवर थापाच. शेवटच्या चढाला चाकं जागच्या जागी फिरायला लागली.

"उतरा, ढकला!" ओस्कोन म्हणाला.

"हा उतरणार नाही," मी असानकुलकडे बोट दाखवलं. "पाळणा कोण धरेल?"

"एजे, आपल्यात बैल हा एकच आहे! त्यालाच आत बसवता?"

"तुम्ही धरा," असानकुल शांतपणे म्हणाला. "मी ढकलतो."

हे मला सुचायला हवं होतं, पण सुचलं नाही खरं. त्याने पाळणा माझ्या मांडीवर ठेवला आणि खाली उतरला. कामगारही डोळे चोळत उतरला, झिपारही. मी मागे वळून काचेतून बघत होते. असानकुल उघड्या डोक्याने गाडीला खांदा लावून उभा होता. बर्फ त्याच्या केसांवर साचत होतं आणि तो रडत होता. तोंड वासून, लहान पोरासारखा. त्याच्या दोन्ही बाजूंची माणसं खाली मान घालून ढकलत होती, त्यांना काही दिसलं नाही. गाडी एकदम पुढे सरकली. मी पाळणा छातीशी धरला, आत त्याची टोपी होती, आणि ओस्कोनला शिव्या द्यायचंही मी विसरले.

तो परत आत बसला तेव्हा त्याचा चेहरा ओलाचिंब होता.

"बर्फ," तो म्हणाला.

"बर्फच," मी म्हटलं आणि माझा रुमाल दिला.

उतार लागला. मला गप्प बसवत नाही.

"किती वर्षांची होती आई?"

"ब्याण्णव. अजून सुईत दोरा स्वतः ओवायची. परवापर्यंत सुनांच्या टाक्यांना नावं ठेवत होती."

"सुखाने गेली का?"

"चहा पिता पिता. कप खाली ठेवला आणि गेली, म्हणे."

"मग कापड वाटतील ना?"

"एजे!" झिपारने पुढून मान वळवली.

"काय एजे? ब्याण्णव वर्षांचं माणूस गेलं की त्याच्या घरचं कापड फाडून पट्ट्या वाटतात ना लोकांना? का वाटतात? ते आयुष्य आपल्या पोरांना लागावं म्हणून. ज्याला हवं त्याने मागावं. माझ्या नातीला मी मागते. तुला नको असेल तर तू लाजत बस."

असानकुलच्या तोंडाचा एक कोपरा हलला. गाडीत बसल्यापासून पहिल्यांदाच.

"मोठी पट्टी आणीन," तो म्हणाला.

काझारमानच्या वेशीपाशी एका अंगणात राखाडी तंबू उभारलेला होता. बाहेर कंबर बांधून, काठ्यांवर टेकून पुरुषांची रांग. ओस्कोनने गाडी लांबच थांबवली. असानकुलने पाळणा माझ्या हवाली केला, टोपी काढून डोक्यावर घातली, कोटाचा पट्टा आवळला. चार पावलं तो नीट चालला. मग धावत सुटला आणि मोठ्याने आक्रोश करत गेला, "आई गं, माझा डोंगर गेला, आई गं!" रांगेतल्या पुरुषांनी तसाच आक्रोश करून त्याला आपल्यात घेतलं. पुरुषाने मातीच्या घरी असंच जायचं असतं. मी पुष्कळ वेळा बघितलंय, दर वेळी अंगावर काटा येतो. त्या दिवशी तर मी गाडीत बसून ढसाढसा रडले.

सालकिनाय आपल्या घराच्या फाटकात उभी होती. डोक्याला इस्त्रीचा रुमाल, ताठ मान. तिने आधी पाळण्याकडे बघितलं, मग पत्र्याच्या पट्टीकडे.

"जुना आहे," ती म्हणाली.

"तगलेला आहे," मी म्हटलं.

तेवढ्यावर भागलं असतं. पण ओस्कोनची जीभ! पाळणा उतरवता उतरवता त्याने सगळी हकिगत सांगून टाकली, टोपीसकट. विहीणबाईंचा चेहरा पांढरा पडला.

"मातीच्या घरचा माणूस? माझ्या नातीचा पाळणा मांडीवर घेऊन?"

"मातीच्या घरचा नाही, मातीच्या घरी चाललेला. पोचला कुठे होता अजून?"

ती आत गेली आणि विटाळ जावा म्हणून आर्चा झाडाच्या फांद्यांचा एवढा धूर केला, की शेजारी घर पेटलं समजून बादल्या घेऊन आले. पाळण्याला तीन फेरे धूर, मला तीन फेरे, ओस्कोन पळून गेला म्हणून वाचला.

धुरातून बुरुलचा आली. बाळ तिच्या खांद्याशी होतं, मूठभर, झोपलेलं.

"आई! कशी आलीस गं?"

"गाडीने."

ती हसली. बारीक झाली होती. बाळंतीण बारीक होतेच, असं मी स्वतःला सांगितलं आणि नातीला हातात घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर बायकांनी भरलं. गल्लीतल्या सगळ्यात लेकुरवाळ्या म्हातारीने बाळाला मुद्दाम पायाकडे डोकं करून पाळण्यात धरलं आणि विचारलं, "उलटा की सुलटा?" सगळ्या ओरडल्या, "उलटा, उलटा!" मग तिने बाळ फिरवलं. "आता?" "सुलटा!" पट्टे बांधले, वरून पांघरुणं घातली, दांडा हातात घेतला. बाळाने एकदा तोंड वाकडं केलं आणि झोपून गेलं. मी विहीणबाईंकडे बघितलं. त्या बोरसोक वाढत होत्या आणि माझ्याकडे मुळीच बघत नव्हत्या. मी जिंकले होते.

पण बर्फ थांबेना. खिंडीचं फाटक बंद झाल्याची बातमी आली. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, ही म्हण मला त्या घरात उठता बसता आठवायची. आमचा चहा मिठाचा, आणि सालकिनाय त्यात मीठ कमी घालायची. मी कणीक मळायला घेतली की ती म्हणायची, "पाहुण्यांनी बसावं." बसले की तिच्या डोळ्यांत दिसायचं, बसल्यात बघा. बुरुलचा डोक्यावरचा रुमाल नीट करत आमच्या दोघींच्या मधून ये-जा करायची, दोघींना चहा द्यायची, काही बोलायची नाही. मी तिला तशीच वाढवली होती. चार पोरांत ती धाकटी, पण पडली तर स्वतः उठायची.

चौथ्या सकाळी ऊन पडलं. ओस्कोन तोवर गावातच अडकून पडला होता. तो फाटकात येऊन भोंगा वाजवायला लागला.

"एजे, चला! बर्फ काढलंय. दुपारपर्यंत सोडतायत, मग थेट वसंतात. ही शेवटची गाडी!"

मी पिशवी भरूनच ठेवली होती. जाऊन नातीचा वास घेतला. बुरुलचा दारापर्यंत आली.

"नीट जा, आई," ती म्हणाली. आवाज अगदी सरळ होता.

"तू नीट राहा. दूध पी. आणि सासूला उलटून बोलू नको, ते मी बोलून ठेवलंय."

फाटकाबाहेर असानकुल उभा होता. मातीच्या घरून आलेला, म्हणून आत पाऊल टाकत नव्हता. त्याचे तीन दिवस झाले होते, गुरं पलीकडे होती, त्यालाही हीच गाडी धरायची होती. त्याने कोटातून निळ्या कापडाची लांब पट्टी काढली.

"मोठी आणीन म्हटलं होतं," तो म्हणाला.

माझ्या आधी सालकिनायचा हात पुढे आला. मला वाटलं आता फेकते. तिने पट्टी दोन्ही हातांत घेतली, डोळ्यांना लावली, कपाळाला लावली. "ब्याण्णव?" तिने विचारलं. असानकुलने मान हलवली. ती आत गेली, पाळण्याच्या दांड्याला पट्टी बांधून आली आणि ओस्कोनच्या खिडकीशी जाऊन हळू आवाजात काही बोलली. असेल काही निरोप, म्हणून मी लक्ष दिलं नाही. असानकुल गाडीत चढला. मी पिशवी घेऊन त्याच्यामागे निघाले, तर ओस्कोन दार अडवून उभा.

"एजे, तुमची सीट गेली."

"गेली? कुठे गेली?"

"विकली."

"अरे मेल्या, काल तुला निरोप धाडला होता ना! कोणाला विकलीस?"

त्याने हनुवटीने माझ्यामागे खूण केली. मागे सालकिनाय उभी होती.

"तुम्ही कुठे चाललात?" मी विचारलं.

"कुठेच नाही."

"मग सीट कशाला घेतलीत?"

"माझे पैसे, माझी सीट. तुम्ही लाकडासाठी घेतलीत, तेव्हा तुम्हाला कोणी विचारलं?"

"विहीणबाई, थट्टा नको. खिंडीचं फाटक बंद होईल."

"होऊ दे." तिने मागे वळून बघितलं आणि आवाज खाली आणला. "तुमची लेक रात्री बाळाला पाजते तेव्हा तिच्याशी बोलते. भिंत पातळ आहे आमची. आजी उद्या जाईल हं, असं सांगते. रोज तेच. बाळाला काय कळतंय त्यातलं? मग रडते, तोंडावर उशी धरून. तुम्ही यायच्या आधीही रडत होती. मी विचारलं तर म्हणते, काही नाही. मला ती सांगायची नाही आणि तुम्हालाही सांगायची नाही. कोणावर गेलीय कोण जाणे."

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"माझीही आई अशीच पलीकडची," सालकिनाय म्हणाली. "उलान महिन्याचा होता. ती शेवटच्या गाडीने गेली आणि मी इथेच, या फाटकात उभी राहून म्हटलं, नीट जा. राहा म्हणायला जीभ उचलली नाही. वसंतात खिंड उघडली तेव्हा बातमीच आली."

"मला विचारायचं तरी होतंत."

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतात?"

नाही म्हणाले असते. तिला ते माहीत होतं, मलाही. मी दाराकडे बघितलं. बुरुलचा चौकटीला टेकून उभी होती, ओठ घट्ट मिटून, पाठ ताठ, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इतक्या लांबून मला दिसणार नाही असं तिला वाटत होतं. वाघीण, असं मी साऱ्या गाडीला सांगत आले होते. माझं पोर ते, आणि मी चार दिवस तिच्याकडे नीट बघितलंसुद्धा नव्हतं.

मी पिशवी बर्फात ठेवली. गळ्यातल्या दोरीतून घराची किल्ली काढली आणि रुमालात बांधली.

"ओस्कोन, ही तुरसुनायला दे, माझ्या शेजारणीला. म्हणावं, कोंबड्या तिच्या. तंदूर झाकून ठेव. पाईप गोठायच्या आत पाणी बंद कर. आणि तू माझ्या दारात आलास तर फक्त बर्फ काढायला यायचं, नान शोधायला नाही."

"हो एजे."

मी वाकून किल्ली सीटवर ठेवली आणि तिच्यावरून पट्टा लावायला लागले. पट्टा काही बसेना.

"आणा," असानकुल म्हणाला. त्याने किल्ली उचलली, डोक्यावरची टोपी काढून तिच्यात ठेवली आणि टोपी दोन्ही हातांनी मांडीवर धरली.

गाडी वळणापलीकडे गेली तरी मी आणि विहीणबाई फाटकातच उभ्या होतो.

"आत चला," ती म्हणाली. "चहा निवतोय."

"तुमच्या चहात मीठ कमी असतं."

"मग वसंतापर्यंत तुम्हीच करा."

बुरुलचा अंगणातून धावत आली. पायात चपला नव्हत्या, डोक्यावरचा रुमाल मानेवर घसरला होता, आणि सासूसमोर असं उघड्या डोक्याने येऊ नये हे ती साफ विसरली होती.

"आई, गाडी गेली?"

"गेली," मी म्हटलं. "पायात घाल काहीतरी आधी."

तिने माझ्या गळ्यात हात टाकले आणि मोठ्याने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं रडायला लागली. सालकिनायने माझी पिशवी बर्फातून उचलली आणि आत नेऊन ठेवली.